‘-ओस्की’ का टिकतं? उत्तर मॅसेडोनियातल्या अल्बेनियन आडनावांचं एक प्रकरण

एझ्ग्यान अलिओस्की हा उत्तर मॅसेडोनियाच्या राष्ट्रीय संघात डाव्या बगलेवर खेळणारा फुटबॉलपटू. जर्सीवरचं नाव वाचून हा स्लाव घरातला असावा असंच कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो अल्बेनियन आहे. १९९२ साली प्रिलेपला जन्मला, स्वित्झर्लंडमध्ये वाढला आणि इंग्लंडमध्ये लीड्स युनायटेडकडून चार हंगाम खेळला. १३ जून २०२१ रोजी बुखारेस्टमध्ये उत्तर मॅसेडोनिया आपल्या इतिहासातल्या पहिल्याच मोठ्या स्पर्धेतला पहिला सामना ऑस्ट्रियाविरुद्ध खेळला आणि ३-१ ने हरला. ऑस्ट्रियाचा शेवटचा गोल मार्को अर्नाउतोविचने केला. गोलनंतर तो अलिओस्कीच्या रोखाने जे ओरडला त्यात अल्बेनियन असण्यावरून शिवी होती, असा आरोप झाला. त्याने माफी मागितली आणि आपण वर्णद्वेषी नसल्याचं सांगितलं. युईफाने ‘दुसऱ्या खेळाडूचा अपमान’ केल्याबद्दल त्याच्यावर एका सामन्याची बंदी घातली.

अर्नाउतोविचचे वडील सर्ब. ‘अर्नाउत’ हा तुर्कीत अल्बेनियन माणसासाठी वापरला जाणारा शब्द, त्यामुळे अर्नाउतोविच म्हणजे ‘अर्नाउताच्या घरचा’. अल्बेनियन माणसाच्या आडनावाला स्लाव प्रत्यय आणि त्याला शिवी दिल्याचा आरोप असलेल्याच्या आडनावाच्या मुळाशी अल्बेनियन माणूस! बाल्कनमधल्या आडनावांवरून रक्त ओळखायला निघालेल्याने हा एक सामना लक्षात ठेवावा.

अलिओस्कीने हे आडनाव का ठेवलं, हा त्याचा आणि त्याच्या घरचा खासगी मामला आहे आणि त्यात मला शिरायचं नाही. पण त्याच्यासारखी आडनावं प्रिलेप, किचेवो, स्त्रुगा, गोस्तिवार या पट्ट्यातल्या अनेक अल्बेनियन घरांत आहेत. अल्बेनियन बहुसंख्य असलेल्या तेतोवोतून, कोसोव्होच्या प्रिश्टिनातून किंवा अल्बेनियाच्या तिरानातून त्यांना एक प्रश्न वारंवार विचारला जातो आणि त्याचा सूर बहुतेक वेळा आरोपाचा असतो: युगोस्लाव्हिया गेला, १९९१ ला देश स्वतंत्र झाला, २००१ च्या ओह्रिद करारानंतर हक्कही मिळाले, मग हे ‘-स्की’ अजून कशाला बाळगता? माझ्या मते या प्रश्नात अन्याय आहे. तो का, हे समजायला हे शेपूट कधी आणि कुणी लावलं तिथपासून सुरुवात करावी लागते.

१९१२ पर्यंत हा मुलूख ऑटोमन साम्राज्यात होता. खेड्यातल्या मुसलमान शेतकऱ्याला आजच्या अर्थाचं पक्कं आडनाव नसे. तो हसनचा अली, अमक्या वाडीचा, तमक्या फिसचा. फिस म्हणजे अल्बेनियन कुळ. गावात तेवढ्यावर काम भागे, आणि करवसुली करणाऱ्यालाही माणूस सापडला की पुरे असे. बाल्कन युद्धांनंतर, ऑगस्ट १९१३ च्या बुखारेस्ट तहाने वार्दार नदीचं खोरं सर्बियाकडे गेलं. बेलग्रेडने त्याचं नाव ‘दक्षिण सर्बिया’ ठेवलं आणि कारकून आपली नोंदवही घेऊन आले. त्या वहीत आडनावाचा रकाना होता आणि तो कोरा ठेवायची सोय नव्हती. मग बापाचं किंवा आजोबाचं नाव घ्यायचं आणि त्याला ‘-इच’ किंवा ‘-ओविच’ जोडायचं.

हे फक्त अल्बेनियनांच्या वाट्याला आलं असं मुळीच नाही. मॅसेडोनियन स्लाव कुटुंबांची ‘-ओव’, ‘-एव’, ‘-स्की’ ही आडनावंही त्या काळात ‘-इच’ झाली, कारण बेलग्रेडच्या लेखी ते सगळे सर्बच होते. आपल्यावर झालेला जुलूम शेजाऱ्यावरही झाला होता, हे अल्बेनियन बाजूच्या लिखाणात फारसं येत नाही. ते यायला हवं.

१९४१ मध्ये युगोस्लाव्हिया कोसळला आणि हा भाग दोघांनी वाटून घेतला. तेतोवो, गोस्तिवार, देबार, किचेवो, स्त्रुगा हा पश्चिमेचा पट्टा इटलीच्या ताब्यातल्या अल्बेनियाला जोडला गेला. तिथे अल्बेनियन शाळा उघडल्या, अल्बेनियन कारभार आला आणि आडनावांचा शेवट ‘-इ’, ‘-उ’ असा लिहिता येऊ लागला. प्रिलेप मात्र बल्गेरियाकडे गेलं आणि तिथे ‘-ओव’चं राज्य आलं. २ ऑगस्ट १९४४ ला मॅसेडोनियन प्रजासत्ताकाची घोषणा झाली, मॅसेडोनियन भाषा अधिकृत ठरली, पुढच्या वर्षी तिची लिपी पक्की झाली. नव्या प्रजासत्ताकाला सर्ब ‘-इच’ नको होतं आणि बल्गेरियन ‘-ओव’ही. त्यामुळे ‘-ओव्स्की’, ‘-एव्स्की’चा काळ आला. पश्चिमेकडच्या बोलींमध्ये या प्रत्ययातला ‘व’ गळतो, म्हणून प्रिलेप, ओह्रिद, स्त्रुगा, किचेवो या बाजूला ‘-ओव्स्की’ऐवजी ‘-ओस्की’ म्हणतात. ‘अलिओस्की’तलं ‘-ओस्की’ त्यामुळे नोंद कुठल्या बाजूच्या कचेरीत झाली तेही सांगतं.

आता समजा, प्रिलेपजवळच्या एखाद्या खेड्यात १९०० च्या सुमारास अली नावाचा माणूस होता. त्याच्या मुलाच्या कागदावर १९३० साली अलिच किंवा अलिएविच, १९४२ साली अलिएव, १९५० साली अलिओस्की. माणूस तोच, घर तेच, विहीर तीच. आणि या तिन्ही कागदांच्या आधी काय होतं? लिहिलेलं काहीच नव्हतं. ‘तुमच्या मूळ आडनावाकडे परत जा’ असा सल्ला देणाऱ्यांच्या नजरेतून हीच गोष्ट निसटते. परत जायला मूळ आडनाव होतंच कुठे? शेपूट कापलं की हाती उरतं ‘अली’ हे पणजोबाचं नाव, आणि तेही अरबी. त्याला अल्बेनियन वळण द्यायचं तर ‘अलिउ’ करा, ‘अलिया’ करा किंवा नुसतं ‘अली’ ठेवा. म्हणजे कुणीतरी आज बसून एक नवं आडनाव घडवायचं. ते जरूर घडवावं, पण त्याला पुनर्स्थापना म्हणू नये.

ज्या घरांच्या नोंदी आधीपासून कुठेतरी होत्या त्यांची गोष्ट वेगळी. आपल्याला सगळ्यात जवळचं उदाहरण मदर तेरेसांचं. २६ ऑगस्ट १९१० ला आजची राजधानी स्कोप्ये इथे जन्म, दुसऱ्याच दिवशी बाप्तिस्मा. नाव आन्येझ गोन्जे बोयाजिउ. तेव्हा स्कोप्ये ऑटोमनच होतं, पण कॅथलिक कुटुंबांच्या जन्म-लग्नाच्या नोंदी चर्च ठेवत असे. बोयाजिउ या आडनावाचं मूळ तुर्की, रंगाऱ्याच्या धंद्याचं, आणि शेवट अल्बेनियन. शहरातल्या व्यापारी कॅथलिक घराला जे सहज लाभलं ते प्रिलेपच्या मुसलमान शेतकऱ्याच्या वाट्याला आलं नाही. त्याची पहिली पक्की नोंदच परक्या कारकुनाने केली.

प्रिलेपच्या उत्तरेला दोल्नेनी नावाची नगरपालिका आहे. इथल्या खेड्यांत मॅसेडोनियन ख्रिस्ती, अल्बेनियन, तुर्क, सर्बिया-मॉन्टेनेग्रो सीमेवरच्या सान्जाकातून आलेले बोस्नियाक आणि मॅसेडोनियन बोलणारे मुसलमान शेजारी-शेजारी राहतात. मॅसेडोनियन बोलणाऱ्या मुसलमानांना तोर्बेश म्हणतात. मुसलमानी नाव अधिक ‘-ओस्की’ हा घाट या सगळ्या मुसलमान गटांत आढळतो. त्यामुळे या भागात आडनावावरून कोण कोण ते ठरवता येत नाही आणि गावातला माणूस ते ठरवायला जातही नाही. त्याला घर माहीत असतं, घरात कुठली भाषा बोलतात ते माहीत असतं. आडनाव बघून निवाडा करणारा हटकून बाहेरचा असतो.

कोसोव्होशी तुलना हमखास होते, आणि ती टाळण्यासारखी नाही. १९१२ ते १९४१ या काळात तिथेही अल्बेनियनांना ‘-विच’ लावली गेली. पण १९४५ नंतर त्यातली बहुतेक गळून पडली. कोसोव्होत अल्बेनियन बहुसंख्य होते, अल्बेनियन शाळा होत्या, नोंदणी कचेरीत बसलेला कारकूनही पुढे अल्बेनियनच झाला. १९७० च्या सुमाराला प्रिश्टिनात स्वतंत्र विद्यापीठ उभं राहिलं. अशा ठिकाणी आडनाव दुरुस्त होणं सोपं गेलं. मॅसेडोनियात अल्बेनियन लोकसंख्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास आहे. २००२ च्या जनगणनेत २५.२ टक्के, २०२१ मध्ये देशात राहणाऱ्यांपैकी २४.३ टक्के. त्यातही ती तेतोवो-गोस्तिवारच्या बाजूला एकवटलेली. तेतोवोत कारकून आपला, शेजारी आपले. तिथल्या ‘-इ’वाल्याने दोल्नेनीतल्या ‘-ओस्की’वाल्याला हिणवायचं म्हणजे बहुसंख्य वस्तीत राहणाऱ्याने विखुरलेल्याला धैर्याचे धडे द्यायचे. तेतोवोकराचं ‘-इ’ त्याच्या शौर्यामुळे टिकलं असं इतिहास सांगत नाही. त्याचं गाव १९४१ मध्ये वेगळ्या रेषेच्या आत पडलं आणि पुढे वस्ती दाट राहिली, हे त्याचं मोठं कारण.

मॉन्टेनेग्रोतलं प्रकरण तर ‘स्लाव शेपूट म्हणजे लादलेलं’ या समजुतीलाच धक्का देतं. ‘तुझी’ (Tuzi) या गावाच्या आसपासचा मालेसिया हा डोंगराळ भाग कॅथलिक आणि मुसलमान अल्बेनियन टोळ्यांचा: ‘होती’ (Hoti), ‘ग्रुदा’, ‘त्रिएप्शी’. इथे एकाच घराण्याची दोन रूपं सर्रास दिसतात. अल्बेनियनमध्ये इवेझाय, सरकारी कागदावर इवेझिच. मिशिगनमध्ये स्थायिक झालेल्या नातेवाइकांत दोन्ही सापडतात, ज्याचा पासपोर्ट जसा निघाला तसं. ‘-आय’ आणि ‘-इच’ यांचं काम एकच, अमक्याच्या वंशातले असं सांगणं. आणि ‘देदवुकाय’ हे आडनाव पाहा. शेवट अस्सल अल्बेनियन, पण पोटात ‘वुक’ आहे, म्हणजे स्लाव भाषेतला लांडगा. १४१६-१७ ची, उत्तर अल्बेनियातल्या श्कोद्रा परिसराची व्हेनिसची जमीननोंद आणि १४८५ चं ऑटोमन दफ्तर उघडलं तर त्यात अल्बेनियन आणि स्लाव नावं एकाच घरात, बाप-लेकांत मिसळलेली दिसतात. तेव्हा ना बेलग्रेडचा कारकून होता ना स्कोप्येचा. डोंगरात लोक एकमेकांशी सोयरिकी करत होते, एकमेकांच्या चर्चमध्ये जात होते आणि नावंही उचलत होते. यातलं ‘परकं’ काय ते कुठल्या चाळणीने काढणार?

क्रोएशियातल्या झादार शहराच्या कडेला अर्बानासी नावाची वस्ती आहे. १७२६ ते १७३३ या काळात श्कोद्रा सरोवराच्या काठच्या गावांतून कॅथलिक अल्बेनियन कुटुंबं आर्चबिशप विचको झ्मायेविचच्या आश्रयाने तिथे आली. गेग म्हणजे उत्तरेकडच्या अल्बेनियनची एक जुनी बोली त्यांनी जवळजवळ तीनशे वर्षं जपली. त्यांच्या आडनावांत काल्मेता आहे, ग्येर्ग्या आहे, आणि पेरोविच, मारुशिच, स्टिपचेविचही आहेत. प्राचीन इलिरियनांचे नावाजलेले अभ्यासक अलेक्सांदर स्टिपचेविच (१९३० ते २०१५) याच वस्तीतले. अल्बेनियन लोक ज्यांना आपले पूर्वज मानतात त्या इलिरियनांवर आयुष्यभर काम केलं, आपल्या वस्तीच्या लोकजीवनावरही लिहिलं, आणि सही अखेरपर्यंत ‘-इच’ने केली. त्यांना कुणी कमी अल्बेनियन म्हणून दाखवावं.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे कागदाकडे. आडनाव टिकतं त्याचं सगळ्यात ठोस कारण तिथे आहे.

उत्तर मॅसेडोनियात आडनाव बदलायला कायद्याची आडकाठी नाही. गृहमंत्रालयाच्या स्थानिक कचेरीत अर्ज करायचा, निर्णय हाती आला की जन्मनोंदवहीत फेर होतो. मग ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, बँक, जमिनीचा उतारा. युगोस्लाव्हियाच्या काळापासून प्रत्येक नागरिकाला तेरा आकडी क्रमांक आहे आणि तो बदलत नाही, त्यामुळे स्वतःच्या देशात जुना आणि नवा माणूस एकच आहे हे सिद्ध करणं जमून जातं. खरी अडचण सीमेपलीकडे सुरू होते. या पट्ट्यातलं अल्बेनियन घर म्हणजे कुर्बेतवर गेलेलं घर. पोटासाठी परमुलखात जाणं याला तिथे कुर्बेत म्हणतात. १९६८ साली पश्चिम जर्मनीने युगोस्लाव्हियाशी कामगार करार केला, स्वित्झर्लंडने हंगामी मजूर घेतले, आणि एकामागोमाग एक भाऊ, पुतणे, मेहुणे गेले. त्यांचे राहण्याचे परवाने, पेन्शनचे हप्ते, मुलांचे शाळेचे दाखले, सगळं ‘-ओस्की’ या नावावर जमा आहे. स्विस कचेरीला तेरा आकडी क्रमांकाशी काही देणंघेणं नाही. तिला नाव जुळायला हवं, तेही अक्षरन्‌अक्षर.

आणि एकट्याने बदलून भागत नाही. चार भावांपैकी दोघे बाहेरदेशी, एक गावात, एक स्कोप्येत. गावातल्याने बदललं की बापाच्या जमिनीच्या वाटणीत चौघांची आडनावं दोन प्रकारची. उद्या हे दोघे भाऊच आहेत याचा पुरावा मागितला जाणार. १९९८ साली मॅसेडोनियाने राष्ट्रीयीकरण केलेली मालमत्ता परत देण्याचा कायदा केला तेव्हा हे अनेक वारसदारांनी अनुभवलं असणार. कारण हक्क सांगायचा तर मूळ मालकाशी नातं कागदावर दाखवायला हवं, आणि मालकाच्या कागदावर ‘-इच’, मुलाच्या कागदावर ‘-ओस्की’. जी साखळी तीनदा तुटून कशीबशी जोडली गेली ती चौथ्यांदा आपल्याच हाताने तोडायला माणूस कचरतो. याला भित्रेपणा म्हणणाऱ्याने एकदा वाटणीचा दावा लढवून पाहावा.

कुळाचा हिशेबही यात आहे. अल्बेनियन, विशेषतः उत्तरेकडच्या गेग समाजात, बापाच्या बाजूच्या कुळात लग्न होत नाही. कितीही पिढ्या मागचा भाऊबंद असला तरी सोयरीक नाही. विखुरलेल्या वस्तीत, निम्मं कुळ परदेशात असताना, हा मुलगा आपल्यातला की बाहेरचा हे पटकन कळायची एक खूण म्हणजे आडनाव. ते कुणी लावलं हे त्या क्षणी बिनमहत्त्वाचं ठरतं. सत्तर-ऐंशी वर्षं ज्या नावाने लग्नं जुळली, मयती झाल्या, गावकीत नाव घेतलं गेलं, ते नाव वापराने त्या घराचं झालं.

याच कुळांची तिसरी फांदी तुर्कस्तानात आहे. १९५३ मध्ये युगोस्लाव्हिया आणि तुर्कस्तान यांच्यात समजुतीचा करार झाला आणि पुढच्या वर्षांत मॅसेडोनिया-कोसोव्होतून मोठ्या संख्येने मुसलमान, त्यांत अल्बेनियनही, ‘तुर्क’ म्हणून निघून गेले. तुर्कस्तानचा आडनाव कायदा १९३४ चा. त्याच्या नियमांत ‘-इच’, ‘-विच’, ‘-ओव’, ‘-एव’ असे शेवट चालणार नाहीत असं लिहिलेलं, आणि ‘अर्नाउतओलु’ म्हणजे अल्बेनियनाचा मुलगा, असली परक्या जमातीची खूण सांगणारी आडनावंही नकोत असं. म्हणजे गेलेल्यांना स्लाव शेपटापासून सुटका मिळाली, पण अल्बेनियन आडनाव काही मिळालं नाही. त्यांना चकचकीत नवं तुर्की आडनाव मिळालं. त्या चुलतभावांशी जोडणारी कागदावरची शेवटची कडी आज प्रिलेपकडच्या ‘-ओस्की’च्या नोंदींत आहे.

भीतीचा भाग मी नाकारत नाही. युगोस्लाव काळात सैन्यात, कारखान्यात, स्कोप्येतल्या नोकरीच्या अर्जावर ‘-ओस्की’ कमी डोळ्यांत येई. १९८० च्या दशकात मॅसेडोनियाच्या अधिकाऱ्यांनी बाळांना ठेवायच्या काही अल्बेनियन नावांवरच बंदी घातली. अल्बान, फ्लामुर यांसारखी नावं राष्ट्रवादाला खतपाणी घालतात म्हणून नोंदवून घ्यायची नाहीत. लढाई त्या वेळी पाळण्यातल्या नावावर झाली, आडनावावर झाली नाही, हे मला फार बोलकं वाटतं. आईबापांना मर्यादित ताकद होती आणि ती त्यांनी मुलाला हाक मारायच्या नावासाठी वापरली. म्हणून आज या पट्ट्यात इलिरियन किंवा शुद्ध अल्बेनियन पहिलं नाव आणि मागे स्लाव शेपटाचं आडनाव असे जोड दिसतात. विसंगती म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवण्याआधी पहिलं नाव किती कष्टाने मिळवलं होतं तेही पाहायला हवं.

शेपटाने संरक्षण मिळालं का? प्रिलेपपुरतं उत्तर कठोर आहे. ८ ऑगस्ट २००१ ला तेतोवोच्या रस्त्यावर कार्पालाकजवळ अल्बेनियन बंडखोरांनी लष्करी ताफ्यावर हल्ला केला. दहा सैनिक मेले, त्यांतले बरेच प्रिलेपचे होते. त्या रात्री प्रिलेपमध्ये जमाव उठला आणि पंधराव्या शतकातली चार्शी मशीद जाळली गेली. सैनिकांच्या घरचं दुःख खरं होतं आणि ज्यांची मशीद जळली त्यांचंही. त्या शहरात मुसलमान नावाला ‘-ओस्की’ लागलेलं आहे की नाही हे त्या रात्री कुणी विचारलं नाही.

त्यानंतर पाचच दिवसांनी, १३ ऑगस्टला, ओह्रिद करार झाला. त्यातून अल्बेनियन भाषेला सरकारी स्थान मिळायची वाट उघडली आणि ओळखपत्रं दोन भाषांत निघू लागली. आज अल्बेनियन नागरिकाच्या कार्डावर नाव आधी मॅसेडोनियन सिरिलिकमध्ये आणि शेजारी अल्बेनियन अक्षरांत असतं. पण हे लिपीपुरतं. जाफेरी हे आडनाव अल्बेनियनमध्ये ज्या अक्षरजोडीने सुरू होतं ती ‘एक्स’ आणि ‘एच’ची. पूर्वी ते सिरिलिकमध्ये जाऊन तिथून पुन्हा रोमनमध्ये उतरलं की वेगळंच स्पेलिंग व्हायचं आणि परदेशात तेच चिकटायचं. दोन भाषांच्या कार्डाने ही जखम भरली. शेपूट मात्र दोन्ही लिप्यांत तसंच छापलं जातं, कारण ते वर्तनी नसून नोंद आहे. त्यासाठी अर्जच हवा.

२०१९ च्या फेब्रुवारीत देशाचं नावच बदललं आणि जुन्या नावाचे पासपोर्ट फेब्रुवारी २०२४ ला बाद झाले. लाखो लोकांना नवा पासपोर्ट काढावा लागला, कचेऱ्यांसमोर रांगा लागल्या. राज्याला मनावर घ्यायचं असतं तर ही सोन्यासारखी संधी होती: कुटुंबाने एकत्र अर्ज करावा, शुल्क माफ, आणि सोबत जुनं-नवं नाव एकाच माणसाचं असल्याचा परदेशात चालेल असा बहुभाषिक दाखला. असं काही झालं नाही. लोकांनी रांगेत उभं राहून जुनंच आडनाव नव्या पासपोर्टवर घेतलं. मग म्हणायचं की यांना ते हवंच आहे!

दुसऱ्या टोकाचा उपायही पाहून झाला आहे. कम्युनिस्ट हुकूमशहा एन्वर होजाच्या अल्बेनियात २३ सप्टेंबर १९७५ च्या ५३३९ क्रमांकाच्या हुकुमाने राजकीय, वैचारिक किंवा नैतिक दृष्ट्या ‘अयोग्य’ नावं-आडनावं बदलायला लावली. श्कोद्राजवळच्या व्राका भागातल्या सर्ब-मॉन्टेनेग्रिन घरांची ‘-इच’ त्या राजवटीत गेली. प्रिलेपमध्ये अल्बेनियन माणसाला शेपूट लावणारा आणि व्राकात सर्ब माणसाचं शेपूट तोडणारा, या दोघांच्या हातात एकच नोंदवही होती. तिथल्या घरांनी राजवट गेल्यावर जुनी आडनावं परत मागितली, आणि ती मागणी रास्तच होती. मग दोल्नेनीतल्या घराने आपलं आहे ते राहू द्या म्हटलं तर त्यात वावगं काय?

तरीही काही घरं बदलतातच, आणि त्यांची कारणं मोठ्या राष्ट्रवादी घोषणांपेक्षा फार घरगुती असतात. मॅसेडोनियनमध्ये बाईच्या आडनावाचा शेवट बदलतो, ‘-ओस्की’ची मुलगी ‘-ओस्का’ होऊ शकते. अल्बेनियन आडनावात बाई-पुरुष असा भेद नाही. झुरिकच्या विमानतळावर बाप अलिओस्की, लेक अलिओस्का, आणि हे दोघं एकाच घरातले आहेत ते समजावत बसायचं, हा त्रास अपमानाहून जास्त चिवट असतो. शिवाय मुलाला आडनाव आईबापांचंच मिळतं. त्यामुळे लेकीला शेपटाशिवायचं आडनाव द्यायचं तर आधी आई किंवा बापाने स्वतःचं बदलायला हवं. परदेशात जन्मलेल्या पिढीत हे सोपं जातं, कारण पेन्शन अजून दूर असते, जमीन काकाच्या नावावर असते आणि कागद थोडे असतात. गावात राहणारा थोरला भाऊ तोवर ‘-ओस्की’च राहतो, कारण सातबाऱ्यासारखा जो काही उतारा तिथे आहे तो त्याच्याकडे आहे आणि चौघांच्या वाटणीला तोच लागणार आहे.